आवाज पाहुण्यांचा, ठेका उसना

लॉस एंजेलिसमधल्या वेस्ट पिको बुलेवार्ड या रस्त्याच्या कडेने एक बाई गात चालली आहे. कॅमेरा तिच्यासोबत मागे मागे सरकतो आहे. आजूबाजूला दुकानं, रिकामटेकडे लोक, भटकी पोरं. कुणी तिच्याकडे बघत नाही, तीही कुणाकडे बघत नाही. पाच मिनिटांच्या या चित्रफितीत एकही काट नाही, सगळं एकाच दमात चित्रित केलेलं. दिग्दर्शक बेली वॉल्श, साल १९९१, गाणं 'अनफिनिश्ड सिम्पथी'. नीट पाहिलंत तर मध्येच तिच्या मागून चालणारी दोन-तीन तरुण मंडळी दिसतात. वाटेने जाणारे कुणी असावेत, असं वाटून आपण त्यांना सोडून देतो. पण गाणं त्यांच्या नावावर आहे. 'मॅसिव्ह अटॅक' म्हणतात ती हीच मंडळी. पुढे चालणारी शारा नेल्सन त्या गटाची सभासद नाही, ती पाहुणी.

'ब्लू लाइन्स' हा सगळा अल्बमच या चित्रफितीसारखा आहे. एप्रिल १९९१ मध्ये तो बाजारात आला. गाणी नऊ, एकूण ऐवज पाऊण तासाचा. रॉबर्ट डेल नाजा ऊर्फ थ्रीडी, ग्रँट मार्शल ऊर्फ डॅडी जी आणि अँड्र्यू व्हाउल्स ऊर्फ मशरूम हे तिघे यजमान. यांतल्या एकालाही रूढ अर्थाने गाता येत नव्हतं. मशरूम तर तोंडच उघडत नाही. उरलेले दोघे कुजबुजल्यासारखे शब्द बोलतात, तेही आपल्या ब्रिस्टल गावच्या हेलात. म्हणून मग नऊपैकी चार गाण्यांत शारा नेल्सन, तीन गाण्यांत जमैकाचा हॉरेस अँडी, एका गाण्यात टोनी ब्रायन, आणि अध्येमध्ये ट्रिकी नावाचा एक लुकडा पोरगा. गायक आणि संगीतकार वेगळे असणं आपल्याला नवं नाही, आपलं सिनेसंगीत त्याच वाटणीवर उभं राहिलं. पण तिकडच्या बँडच्या दुनियेत गाणारा म्हणजेच बँडचा चेहरा, हा अलिखित नियम होता. तो मोडणारे हे पहिलेच नव्हेत, पण यांच्यानंतर तो मोडणं ही रीतच होऊन बसली.

हे का झालं, ते समजायला ब्रिस्टलला जावं लागतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एव्हन नदीवर वसलेलं हे जुनं बंदर. अठराव्या शतकात आफ्रिकेतून माणसं पकडून अमेरिकेत विकण्याच्या व्यापारावर ते गब्बर झालं. त्याआधीच्या शतकातला एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्यांतली बडी असामी. त्याच्या नावाचं जलसाघर गावात होतं, आणि मॅसिव्ह अटॅक त्या नावाखाली तिथे कधीच वाजवायला गेले नाहीत. २०२० च्या जूनमध्ये लोकांनी कोल्स्टनचा पुतळा उखडून बंदराच्या पाण्यात टाकला. त्याच वर्षी त्या सभागृहाचं नाव बदललं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, बार्बाडोस वगैरे बेटांवरून माणसं कामधंद्यासाठी इंग्लंडात आली, तशी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागातही आली. डॅडी जीचे आईवडील बार्बाडोसचे. डेल नाजाचे वडील इटलीतल्या नेपल्सकडचे. बेटांवरून आलेल्या मंडळींनी येताना 'साउंड सिस्टिम' आणली. म्हणजे काय? एकावर एक रचलेले कपाटाएवढे स्पीकर, तबकड्यांचा गठ्ठा, तबकडी लावणारा एक आणि माईक हातात घेऊन त्यावर बोलणारा एक. आपल्या मिरवणुकीतली डीजेची भिंत डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच, की यांची भिंत कानठळ्या बसवण्यापेक्षा खालच्या सुरांनी छाती हलवण्यासाठी रचलेली असे. बँड नाही, वादक नाहीत, सगळा माल दुसऱ्याच्या तबकड्यांमधला. कुठली तबकडी कुठल्या तबकडीनंतर लावायची आणि तिच्यावर कुणी काय बोलायचं, कसब काय ते एवढंच.

१९८० च्या दशकात ब्रिस्टलमध्ये अशीच एक टोळी होती, 'द वाइल्ड बंच'. पार्क रो रस्त्यावरच्या 'डग आउट' नावाच्या क्लबात ते वाजवत. त्यांच्या ढिगात रेगे, सोल, पंक, न्यूयॉर्कचं नवंकोरं हिप-हॉप, सगळं एकत्र. क्लबात येणारेही तसेच सरमिसळ. ही टोळी फुटली. तिच्यातला नेली हूपर लंडनला जाऊन 'सोल टू सोल' मध्ये नावारूपाला आला. मागे उरलेल्यांनी मॅसिव्ह अटॅक काढला आणि मग बराच काळ विशेष काही केलं नाही. आळशीपणाबद्दल ही मंडळी प्रसिद्धच होती. त्यांना हलवून कामाला लावलं ते नेने चेरी या गायिकेने आणि तिचा जोडीदार, निर्माता कॅमेरॉन मॅकव्हे याने. अल्बमचं काही काम तर चेरीच्या लंडनच्या घरी, तिच्या बाळाच्या खोलीत झालं. बाकीचं ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत आणि इतरत्र. स्टुडिओतली खरी कारागिरी निर्माता जॉनी डॉलर याची, असं त्या काळचे लोक मानतात आणि ते खरं असावं. तिघांना काय हवं ते कळत होतं, यंत्रातून ते बाहेर कसं काढायचं हे त्याला.

आता 'सॅम्पल' या गोष्टीपाशी थांबू, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. सॅम्पलर हे यंत्र ध्वनीचा एक तुकडा आकड्यांच्या रूपात साठवतं. जुन्या तबकडीवरचा ढोलाचा दोन सेकंदांचा तुकडा घेतला, त्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडलं, की तो अखंड फिरत राहतो. हा झाला लूप. तबल्याचं आवर्तन फिरतं तसाच, फक्त तबलजी दर आवर्तनात थोडंसं निराळं वाजवतो आणि लूप तंतोतंत तेच. त्याची मोहिनी आणि त्याचा कंटाळा, दोन्ही यातच.

खरी गंमत वेगात आहे. लहानपणी आमच्या घरी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. सेल उतरायला लागले, की गाणं रडायला लागायचं. लय ढिली पडायची आणि त्याबरोबर गायकाचा आवाजही घोगरा, जड व्हायचा. आम्ही सेल काढून उन्हात ठेवायचो, पण ते गाणं सुधारण्यासाठी. ब्रिस्टलच्या या मंडळींनी ते मुद्दाम बिघडवलं. टेप असो, तबकडी असो की त्या काळचा साधा सॅम्पलर, वेग कमी केला की सूरही उतरतोच. ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ वर लावून पाहा. लय चतुर्थांशाने मंदावते आणि षड्ज असेल तिथे जवळजवळ खालचा पंचम ऐकू येतो. ढोलाचा चटकदार आवाज असा खाली ओढला, की त्याला अंग येतं, ओल येते, थापेच्या मागची खोलीही ऐकू यायला लागते. त्यावर रेगेचा खालच्या पट्टीत हिंडणारा बेस ठेवला, मध्ये भरपूर जागा मोकळी सोडली, की या संगीताचा सांगाडा तयार. त्या वर्षी इंग्लंडभर तरुण पोरं गोदामांत आणि शेतांत मिनिटाला १२० ठोक्यांच्या वरच्या संगीतावर रात्र रात्र नाचत होती. ब्रिस्टलची मंडळी त्याच्या खूप खाली येऊन बसली. नाचता येईल, पण नाचलंच पाहिजे असं नाही.

उसना माल कुठून आणला, हे पाहिलं तर आपल्या अंगणापर्यंत एक धागा येतो. पहिलं गाणं 'सेफ फ्रॉम हार्म'. त्याचा पाया, तो दबा धरून बसल्यासारखा बेस आणि ढोल, बिली कोबॅम या ढोलवादकाच्या १९७३ च्या 'स्पेक्ट्रम' या अल्बममधल्या 'स्ट्रॅटस' वरून उचलला आहे. दुसरं गाणं 'वन लव्ह'. त्याचा सांगाडा महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या १९७१ च्या तबकडीतला. या ऑर्केस्ट्राचा ढोलवादक कोण, तर हाच कोबॅम. आणि प्रमुख? जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक. गुरू श्री चिन्मय यांनी त्याला 'महाविष्णू' हे नाव दिलं, तेच बँडला लागलं. याच मॅक्लॉफ्लिनने पुढे मुंबईतल्या माहीमच्या झाकीर हुसेनांबरोबर 'शक्ती' हा गट बांधला. त्याच्या नंतरच्या अवतारात चेंबूरचे शंकर महादेवन गायले. म्हणजे ब्रिस्टलच्या पोरांनी तबकड्यांच्या ढिगातून जे हाताला लागलं ते उचललं, आणि लागलं ते माहीमच्या तबल्याच्या चुलत घरातलं. त्यांना हे नातं ठाऊक असण्याचं काही कारण नाही. त्यांना त्या ढोलाची थाप आवडली होती.

दुसरा धागा याहून सरळ. नुसरत फतेह अली खाँ यांचं 'मस्त मस्त' बाथजवळच्या रिअल वर्ल्ड कंपनीने १९९० मध्ये काढलं. त्याचं नवं रूप मॅसिव्ह अटॅकने बांधलं. कव्वालीचा टाळ्यांचा ठेका काढून त्या जागी त्यांनी आपला जड, डुलणारा ठेका ठेवला. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या दिवसांत कोका-कोलाच्या जाहिरातीत लाल चेंडू, लाल मिरच्या आणि त्यांच्यामागे नुसरतांची तान, हे ज्यांना आठवतं, त्यांनी मॅसिव्ह अटॅकचं नाव ऐकण्याआधी त्यांचं काम ऐकलं होतं.

उसनवारीचं बिल मात्र येतं. 'अनफिनिश्ड सिम्पथी' त मधूनमधून एक उंच हाळी ऐकू येते, ती महाविष्णू ऑर्केस्ट्राच्याच 'प्लॅनेटरी सिटिझन' मधली. तिची विचारणा केली नव्हती. ते गाणं लिहिणारा बेसवादक राल्फ आर्मस्ट्राँग न्यायालयात गेला आणि प्रकरण पैसे देऊन मिटवावं लागलं. याबद्दल मला यजमानांची फारशी दया येत नाही. हाळी छान बसली आहे हे खरं, पण ती कुणाच्या तरी गळ्यातून आली होती.

हे गाणं कसं घडलं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवात शाराने आणलेल्या चालीपासून. तिच्याखाली मशरूम आणि जॉनी डॉलर यांनी ठेका रचला, बॉब जेम्स या जॅझवाल्याच्या तबकडीतला टुणटुणणारा तालवाद्यांचा तुकडा घातला आणि वर व्हायोलिनांचा आवाज म्हणून सिंथसायझर वाजवला. ऐकून सगळ्यांनाच वाटलं, हे नकली आहे, खरा वाद्यवृंदच हवा. पैसे संपले होते. मग गाडी विकली, विल मलोन या अनुभवी संयोजकाकडून तंतुवाद्यांचं संयोजन लिहून घेतलं आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित केलं. गाण्याचं नाव शूबर्टच्या अपूर्ण सिंफनीवरची कोटी. आधी थट्टेत ठेवलेलं, मग तेच राहिलं.

या गाण्यात एक चकवा आहे. अल्बममधल्या इतर गाण्यांपेक्षा याचा ठेका चांगलाच चपळ आहे. पायाने ताल धरून पाहा, दमछाक होईल. तरी गाणं आठवतं ते संथ म्हणूनच. कारण ठेका द्रुत असला, तरी व्हायोलिनं लांब लांब श्वास घेतात आणि शारा एकेका शब्दावर निवांत रेंगाळते. खाली धावपळ, वर ठाय. गर्दीच्या रस्त्यावरून कुणी आपल्याच तंद्रीत चालावं, तसं. चित्रफितीचा दिग्दर्शक हे ओळखून होता, म्हणून त्याने काट मारली नाही.

पाहुण्यांबद्दल अजून थोडं. शाराचा आवाज सोल परंपरेतला, भरदार, पण ती तो कधी पूर्ण सोडत नाही. 'सेफ फ्रॉम हार्म' मध्ये ती आपल्या माणसांना धक्का लागला तर बघून घेईन, असा दम देते, आणि खाली डेल नाजा पुटपुटत राहतो. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. एका खोलीत दोन माणसं आपापल्या विचारांत असावीत तसं ते ऐकू येतं. हॉरेस अँडीची गोष्ट निराळी. जन्म १९५१ चा, किंग्स्टनचा. 'स्कायलार्किंग' मुळे तो जमैकात १९७० च्या दशकातच मोठा झाला होता आणि ब्रिस्टलच्या या पोरांच्या तबकड्यांच्या ढिगात त्याच्या तबकड्या होत्या. म्हणजे ज्याला वाजवत मोठे झाले, त्यालाच घरी बोलावलं. त्याचा पातळ, कंप पावणारा, उंच पट्टीतला आवाज त्या जड बेसवर असा तरंगतो, की दोन्हींतलं अंतर कानांनी मोजावं. शेवटच्या 'हिम ऑफ द बिग व्हील' मध्ये तो अक्षरशः भजन म्हणतो आहे. शब्द भाबडे आहेत, आवाज त्यांना तारून नेतो. टोनी ब्रायनने गायलेलं 'बी थँकफुल फॉर व्हॉट यू हॅव्ह गॉट' हे विल्यम डीव्हॉनच्या जुन्या गाण्याचं नवं रूप. ते गोड आहे, पण मला ते भरीचं वाटतं.

'अनफिनिश्ड सिम्पथी' बाजारात आलं तेव्हा आखाती युद्ध पेटलेलं होतं. 'अटॅक' हा शब्द असलेलं नाव रेडिओवर कोण घेणार? फेब्रुवारी १९९१ च्या एकल तबकडीवर नाव छापलं नुसतं 'मॅसिव्ह'. गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पुढे अल्बमही तेराव्यावरच थांबला. अल्बमच्या मुखपृष्ठावर ज्वालाग्राही द्रवाच्या टँकरवर असतं तसं आगीच्या ज्वाळेचं चिन्ह. डेल नाजा मुळात भिंतींवर चित्रं रंगवणारा, त्याची नजर अशा चिन्हांवर.

आणि 'ट्रिप हॉप' हे नाव? ते तेव्हा नव्हतंच. १९९४ मध्ये 'मिक्समॅग' या मासिकाने ते छापलं, तेही कॅलिफोर्नियाच्या डीजे शॅडोच्या संदर्भात. मग ते मागे वळून ब्रिस्टलला चिकटलं आणि ब्रिस्टलवाल्यांना ते कधी आवडलं नाही. त्यांच्या लेखी ही साउंड सिस्टिमच होती, फक्त दिवाणखान्यात आलेली. 'डाउनटेम्पो' हा शब्द त्यापेक्षा प्रामाणिक, निदान तो लयीविषयी काही सांगतो. पण त्या शब्दाखाली पुढे इतकं मिळमिळीत संगीत निघालं, की कॉफीच्या दुकानांत आणि हॉटेलांच्या लॉबीत नुसता सुवास फवारल्यासारखं ते वाजू लागलं. ठेका संथ केला, वर कुणी बाई गायला बसवली, की झालं, असा समज पसरला. या मूळ अल्बममध्ये जो धोका आहे, कुणीतरी दाराबाहेर उभं आहे असं वाटायला लावणारा, तो त्यांतल्या फार थोड्यांना जमला.

ज्यांना जमला, त्यांतले दोघे याच घरातले. कोच हाउस स्टुडिओत 'ब्लू लाइन्स' चं काम चालू असताना चहा आणून देणारा, टेपा लावणारा जेफ बॅरो नावाचा पोरगा होता. त्याने पुढे शेजारच्या गावाचं नाव घेऊन 'पोर्टिसहेड' काढलं. त्यांचा 'डमी' १९९४ मध्ये आला. ट्रिकीने १९९५ मध्ये 'मॅक्सिनक्वे' काढला. चार वर्षांचा असताना गेलेल्या आईचं नाव त्याने त्यात गुंफलं होतं.

मॅसिव्ह अटॅकच्या घरी पाहुणे बदलत राहिले. १९९४ च्या 'प्रोटेक्शन' मध्ये ट्रेसी थॉर्न आली. १९९८ च्या 'मेझनीन' मधलं 'टिअरड्रॉप' एलिझाबेथ फ्रेझरने गायलं. मशरूमला त्या गाण्यासाठी मॅडोना हवी होती, बाकी दोघांनी फ्रेझरचा हट्ट धरला. ती ते गात असतानाच तिच्या एकेकाळच्या जिवलगाच्या, गायक जेफ बकलीच्या, बुडून मरण्याची बातमी तिला कळली. 'मेझनीन' नंतरच्या वर्षी मशरूमही घर सोडून गेला. शारा 'ब्लू लाइन्स' नंतर थांबली नाही, १९९३ मध्ये तिने स्वतःचा अल्बम काढला. गेला नाही तो हॉरेस अँडी. यजमान तीनाचे दोन झाले, काही काळ तर एकच उरला, पण २०१० पर्यंतच्या पाचही अल्बममध्ये तो आहे.

२०२२ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याने 'मिडनाइट रॉकर' नावाचा स्वतःचा अल्बम काढला. त्यात 'सेफ फ्रॉम हार्म' आहे. तेच, शाराने गायलेलं. कोबॅमच्या ढोलाचा तुकडा नाही, डेल नाजाची पुटपुट नाही. एका पाहुणीचं गाणं दुसरा पाहुणा आपल्या स्वतःच्या घरी, रेगेच्या ठेक्यावर गातो आहे.